माझ्यापुढून गेलेलं ताट

आबा,

पाटील मेला. गेल्या मंगळवारी मेला, मला काल कळलं, आणि कळल्याबरोबर मी घरी येऊन शिरा केला. हात सैल सोडून तूप घातलं, वर बेदाणे, काजू, वेलची. एकटीसाठी. शेजारीण वासावर डोकावली आणि म्हणाली, "बाई, आज वाढदिवस का काय?" मी म्हटलं, "तसंच समजा." तुम्ही असता तर कढई उचलून अंगणात नेऊन ठेवली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच तुम्हाला लिहायला बसले. सत्तरीला आलेल्या बाईनं पन्नास वर्षांपूर्वी मातीआड झालेल्या बापाला कागद लिहावा, म्हणजे लोक म्हणणार म्हातारीचं डोकं फिरलं. फिरू दे. आयुष्यभर शाळेत पोरांना शहाणपण वाटलं, आता थोडं फिरलं तर कुणाचं काय बिघडतं.

बातमी आणली ती शनिवारच्या बाजारात अंबाडीची भाजी विकणाऱ्या बाईनं. आपल्याच गावची आहे, दर आठवड्याला धाराशिवला येते, माझ्यासाठी एक जुडी बाजूला काढून ठेवते. म्हणाली, "बाई, थोरलं पाटील गेलं बगा. नव्वदीला टेकलं हुतं. दुखनं न्हाय, खुपनं न्हाय. लेकी-सुना समद्या उशाला. थोरल्या सुनेनं चमच्यानं तोंडात पानी घातलं, त्यो घोट गिळला आन डोळं मिटलं. लई सुखाचं मरान." मी जुडी हातात धरून तशीच उभी. चमच्यानं पाणी! आबा, आपल्या धाकटीच्या तोंडात घालायला चमचा होता, पाणी नव्हतं. जे होतं त्यानंच तिला नेलं. आणि हा लेकाचा सुनेच्या हातचा गोड घोट घेऊन जातो. वरच्याचा न्याय असा असेल तर असो, मला तो पटलेला नाही आणि मी ते त्यालाही रोजच्या प्रार्थनेत तोंडावर सांगते.

तुम्ही म्हणाल, आता कशाला उकरतेस. उकरायला ते बुजलंय कुठं? माकणीच्या अलीकडं आपलं गाव, गावाच्या खालच्या अंगाला मांगवाडा, आणि मांगवाड्यात शेवटचं घर आपलं. बाकीची घरं हलगी वाजवायची, केरसुण्या बांधायची. विहिरीची मोट ओढणारा जाड दोर, तो नाडा वळणारा हात मात्र सगळ्या गावात एकट्या तुमचा. दारापासून लिंबाच्या झाडापर्यंतची ती सरळ पट्टी मला आत्ताही दिसते. तुम्ही दारात बसून अंबाडीच्या सालीचा वाख सोडताय, आणि मी फिरकी फिरवत मागं मागं चालतेय. बाकीची लेकरं पुढं चालायला शिकली, मी मागं चालायला शिकले. "ताण सोडू नगंस," तुम्ही म्हणता. "ढिला सोडला की दोर रुसतो." मला तुमच्याकडं बघत मागं जायचं असतं, आणि पाठ लिंबाला टेकली की कळतं, एक पेड झाला. असे तीन पेड एकत्र पिळायचे, मग तुम्ही डोळे मिटून अख्खा दोर मुठीतून ओढत न्यायचे. एकदा नाही, तीनदा. डोळ्याला फसवता येतं, हाताला नाही, असं तुमचं म्हणणं.

पाद्री साहेबांनी आपल्या चार घरांना बाप्तिस्मा दिला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. निजामाचं राज्य होतं, तहसिलीत सगळा कारभार उर्दूत, आणि गावात पाटील म्हणेल ती पूर्व दिशा. हा पाटील तेव्हा तरणाबांड, बाप मरून गादीवर नवाच बसलेला. दोनेक वर्षं त्यानं आपल्याकडं काणाडोळा केला. मग ती कारहुणवी आली. ज्येष्ठी पुनवेला बैल सजवून वेशीतून न्यायचे, वेशीत दोराची आडवी कर बांधायची आणि पाटलाच्या बैलानं ती तोडायची, की पेरणीला मोकळीक. ती कर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरानं वळायची. हळदकुंकू लावून देवापुढं ठेवायची, आणि वळणाऱ्यानं तिच्यापुढं लोटांगण घालायचं. पहिली दोन वर्षं बाप्तिस्मा न घेतलेला तुमचा थोरला भाऊ होता, त्यानं वळली. त्या वर्षी तो वारला होता. पाटील स्वतः मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

तुम्ही हात जोडलेत, पण मान खाली घातली नाहीत. "मालक, कामाचा दोर मागा, चार हात जास्त देतो. पूजेचा दोर माज्या हातनं आता व्हायचा न्हाय."

"का रं? तुजा हात काय सोन्याचा झाला व्हय?"

"न्हाय मालक. दुसऱ्याला दिलाय."

पाटील हसला. ते हसणं माझ्या कानात अजून आहे. म्हणाला, "मग पानी बी त्या दुसऱ्यालाच माग." आणि गेला.

आई रात्रभर तुमच्याशी भांडली. "एक दोर तर हाय. वळा, द्या, आन घरी यिऊन परार्थना करा. देवाला कळतंय की समदं." तुम्ही म्हणालात, "हातानं एक आन तोंडानं एक, ते म्या पंचवीस वर्सं केलं. आता न्हाय." आई म्हणाली, "पोरी तहानेनं मरतील." तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्या न बोलण्यावर मी आयुष्यभर चिडत आलेय, आबा.

विहिरीवर आपल्याला हात लावायची मुभा नव्हतीच. कुणीतरी वरून आपल्या घागरीत पाणी वाढायचं तेव्हा मिळायचं. दुसऱ्या दिवसापासून वाढणारे हात बंद झाले. आई आणि मी दुपारपर्यंत विहिरीच्या कडेला बसून होतो, बायका येत होत्या, आमच्याकडं न बघता भरून जात होत्या. बाकीची तीन घरं आठ दिवसांत पाटलाच्या पाया पडून आली, कपाळाला भंडारा लावून आली, आणि त्यांना पाणी सुरू झालं. त्यांना मी नावं ठेवत नाही. लेकरं होती त्यांना. आपण ओढ्यात झिरा खणला, वाटी वाटीनं घागर भरायची. तुम्ही तहसीलला अर्जी घेऊन गेलात. तिथले अंमलदार अमीन साहेब घोड्यावर आले, पाटलाच्या घरी कोंबडी खाल्ली, मिशी पुसत पुसत तुम्हाला म्हणाले, "गाव का झगडा गाव मेंच निपटा लो," आणि गेले. त्या सगळ्या दिवसांत एकच माणूस आपला होता. पाटलाचा सालगडी. कानडी मुलखातला, मराठी मोडकंतोडकं. दिवस उगवायच्या आधी कुंपणाआडून घागर सरकवायचा आणि आईला म्हणायचा, "तगो अव्वा, नीर तगो." घे आई, पाणी घे. चार दिवस आणलं. पाचव्या दिवशी कुणीतरी चुगली केली, पाटलानं त्याला सगळ्यांदेखत आसुडानं फोडला, आणि त्याच दिवशी आपल्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला मेलेलं वासरू आणून टाकलं.

ते आम्हाला कळायला दीड दिवस गेला. तोवर आम्ही तेच पाणी पीत होतो. आम्ही मोठे तगलो. धाकटी अडीच वर्षांची. तिला हगवण लागली आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आईच्या मांडीवर गेली. पाणी पाणी करत होती, आणि आई तिला पाणी द्यायला घाबरत होती. ह्याच्यापुढं मला लिहिता येत नाही. गावानं मातीला जागा दिली नाही. तुम्ही लिंबाच्या बुडाशी खड्डा केलात, स्वतःच प्रार्थना म्हटलीत, वर चार दगड ठेवलेत. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. ओढा भरून वाहिला. म्हणजे तीन दिवसांचा प्रश्न होता, आबा, फक्त तीन दिवसांचा.

त्या दिवसापासून मी पाटलाला मारत होते. मनातल्या मनात, रोज. कधी साप डसवायची, कधी वीज पाडायची. फिरकी फिरवत मागं चालताना पाय त्या चार दगडांना लागायचा आणि मी एकेक शाप मोजायची. तुमच्या प्रार्थनेत मी "आमेन" म्हणायची, पण तुम्ही म्हणत होता त्याला नाही.

आणि मग देवानं, का सैतानानं, मला संधी आणून दिली. त्याच सालची गोष्ट, थंडी सरत आलेली. सगळीकडं रझाकारांची धामधूम, वाटा बंद, शेजारच्या गावचा दोरवाला घरदार सोडून पळालेला. पाटलाचा मोटेचा नाडा झिजून तुटायला आला, मळ्यात गहू उभा. पाटील परत आपल्या दारात. माफी नाही, धाकटीचं नाव नाही. "नाडा पायजे," एवढंच. आणि तुम्ही म्हणालात, "देतो. चार दिसांनी मानूस धाडा."

आईनं हातातलं पीठ तसंच टाकलं. "माजी लेक खाल्ली त्यानं, आन तुमी त्याला दोर वळता?"

"कामाचा दोर देतो म्हनलो हुतो. शबूद हाय."

"कुनाला दिलाय शबूद? त्या मुडद्याला?"

तुम्ही वाख भिजवायला उठून गेलात. त्या क्षणी मला तुमचा पाटलाइतकाच राग आला. हे आज पहिल्यांदा सांगतेय.

तिसरा पेड तुम्ही माझ्यावर सोडून माकणीला गेला होतात, आजाऱ्यासाठी प्रार्थना होती. डबक्यात जास्त दिवस राहून कुजलेला वाख मागं पडला होता, तो मी घेतला, फिरकी शेजारच्या पोराच्या हाती दिली आणि दारात तुमच्या जागी बसले. आत कुजका, वरून चांगला, असा सुरेख पेड वळला की बघणाऱ्यानं शाबासकी द्यावी. मला विहीर दिसत होती, बैल धावेवरून उतारानं निघालेत, भरलेली मोट वर येतेय, नाडा ताठ झालाय, आणि खट्‌. पाटील खाली. त्या चौदाव्या वर्षी मला एवढाच आनंद माहीत होता.

दुसऱ्या दिवशी तिन्ही पेड पिळून झाले. तुम्ही डोळे मिटून दोर मुठीत घेतलात. पहिल्यांदा नेलात, काही नाही. दुसऱ्यांदा लिंबाजवळ थांबलात. तिथंच अंगठ्यानं दाबत राहिलात. मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलंत. ओरडला नाहीत.

"नाड्यावर बसतो कोन?" तुम्ही विचारलंत.

मला कळलं नाही.

"बैल उतरताना नाड्यावर बसून धाव उतरतो, त्यो कोन? पाटील बसतो व्हय गं?"

आणि मग मला दिसलं. पाटील कधीच मोट हाकत नव्हता. नाड्यावर बसायचा तो सालगडी. तगो अव्वा, नीर तगो. गावात सगळ्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट, आणि मी दोरवाल्याची लेक, ती विसरले. राग असा आंधळा असतो, हे मला तुम्ही सांगायची गरज उरली नाही. मी तिथंच बसून हमसून हमसून रडले. तुम्ही अख्खा नाडा उकलला. कुजका पेड काढून माझ्या हातात दिलात, "चुलीत घाल," म्हणालात, आणि नवा वाख भिजवलात. दोन दिवस तुम्ही मला परत मागं मागं चालवलंत, दारापासून त्या चार दगडांपर्यंत. नाडा इतका पक्का झाला की पाटलाकडं म्हणे पुढं कितीतरी हंगाम टिकला. मला वाटलं, शिक्षा झाली, संपलं.

कुठलं संपतंय. महिन्याभरानं पाद्री साहेब आले. आपल्या दारातच उपासना. माझं पहिलं प्रभुभोजन होतं. आईनं माझ्या केसांना तेल लावून वेणी घातली होती. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे ताटात, मनुका भिजवलेलं पाणी फुलपात्रात. ताट फिरवायचा मान तुमचा. माझ्यापुढं आलात, मी हात पुढं केला, आणि तुम्ही ताट मागं घेतलंत. हळू आवाजात म्हणालात, "सालगड्यापायी रडलीस, ते त्यानं बगितलं. पाटलाचं काय? निघालं का मनातनं?"

मी म्हटलं, "न्हाय."

"मग हात मागं घे. अढी ठिऊन ह्ये खायाचं न्हाय."

आणि ताट पुढं गेलं. आईनं घेतलं. तिच्या मनातली अढी तुम्ही विचारली नाहीत! मलाच विचारलंत. सगळ्यांदेखत. माझे कान असे तापले की आजही ते आठवलं की तापतात.

निजाम गेला, तिरंगा लागला, तुमचा खोकला काही गेला नाही. वाखाची धूळ छातीत बसली होती. शेवटच्या आठवड्यात पाद्री साहेब तुम्हाला तुकडा द्यायला आले, तुम्ही घेतलात, आणि डोळ्यांनी माझ्याकडं खूण केलीत. ताट माझ्यापुढं आलं. तुम्ही परत तेच विचारलंत. "निघालं का गं?" मरत्या माणसाला खोटं सांगायला काय लागतं? एक "व्हय" म्हटलं असतं तर तुम्ही सुखानं गेला असतात. पण तुमच्या मुठीतून तीनदा गेलेलं माणूस मी. म्हटलं, "न्हाय, आबा." तुम्ही हसलात. खरंच हसलात. "खोटं न्हाय बोल्लीस. येवडं तरी माजं घेतलंस." आणि ताट पुन्हा माझ्यापुढून गेलं.

तेव्हापासून ते जातंच आहे. इथल्या देवळात मी दर रविवारी पहिल्या बाकावर असते. गाणी म्हणते, दशांश देते, शाळेतल्या किती पोरींना बाप्तिस्म्याची तयारी करून दिली. ताट आलं की मान हलवते. तीन पाळक बदलले. मंडळीतल्या एका बाईनं तर पसरवलं होतं की बाईंचं तरुणपणी काहीतरी झालं असणार. झालं होतंच. आणि पाटलाच्या घरची एकेक वाईट बातमी मी गुळाच्या खड्यासारखी चघळली. कुळकायद्यात जमीन गेली, बरं झालं. थोरला दारूत बुडाला, बरं झालं. मी माकणीच्या शाळेत होते तेव्हा एक वर्ष त्याची नात माझ्याच वर्गात आली. गोड पोरगी, अभ्यासात हुशार. वर्गातला माठ रोज मी भरायची. पाणी पिताना एकदा तिला जवळ घेऊन सांगितलं, "आजोबांना सांग, मी दोर वळणाऱ्याची लेक. तू रोज माझ्या हातचं पाणी पितेस, गार आणि स्वच्छ." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, आजोबा काहीच बोलले नाहीत. ताटावरून उठून गेले." ते ऐकून मला काय गोड वाटलं, काय सांगू! लहान लेकराच्या तोंडून मी त्याला विष पाठवलं, हे नंतर कळलं. तिचा एकही मार्क मात्र मी कापला नाही. दोरात कुजका पेड घालायचं मी एकदाच केलं.

आत्ताच उपासनेहून आले. आज नवं पातळ नेसून गेले होते. रात्रभर विचार केला होता की आता तो नाही. मेलेल्या माणसाशी कसलं वैर? आता तरी तो तुकडा मिळेल. मला भूक आहे हो त्याची. छप्पन्न पक्वान्नं खाऊन जात नाही अशी भूक. पाळक तरुण आहेत, सवयीनं ताट पुढं न्यायला लागले, मी म्हटलं, "थांबा." अख्खा बाक माझ्याकडं वळला. हात वर उचलला. बोटं ताटाच्या कडेला लागली. आणि तुम्ही विचारलंत, निघालं का. तोंडात कालच्या शिऱ्याची चव होती.

मी हात मागं घेतला. पाळक ताट घेऊन पुढं गेले.

हा कागद कुठं टाकायचा? तुमच्या पत्त्याला टपाल जात नाही. ट्रंकेत ठेवीन, त्या पेडाशेजारी. हो, तो तुम्ही चुलीत घालायला दिलेला पेड मी चुलीत घातला नव्हता. अजून आहे, वरून चांगला दिसतो. आणि घरी येताना वाटेत ठरवलं होतं की उरलेला शिरा शेजारणीच्या लेकरांना वाटून टाकायचा. नाही वाटला. वाटी इथंच, कागदाशेजारी घेऊन बसले होते, लिहिता लिहिता संपली. गोड होता, आबा. खोटं कशाला सांगू.